‘दुहेरी’ या एका नोंदीवरून: एका मराठी शब्दकोश-ॲपचे परीक्षण

शब्दकोशाचे मोठेपण त्यातील शब्दसंख्येवरून ठरवण्याची पद्धत आहे, आणि कोशाचे ॲप निघाले की त्याच्या जाहिरातीत पहिला येतो तो हाच आकडा. ज्याला रोज मजकूर तपासावा लागतो, त्याला मात्र कोशाची खरी ओळख एखाद्या साध्या, वापरातल्या शब्दाच्या नोंदीतून होते. दुर्मीळ शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो जुन्या कोशातून उतरवून घेता येतो. साधा शब्द अनेक ठिकाणी वावरलेला असतो, शेजारच्या शब्दांशी त्याची हद्द पुसट झालेली असते, आणि ती हद्द आखून दाखवणे हे कोशकाराचे अधिक अवघड काम असते. मी मुद्रितशोधन करते आणि भाषांतरित मजकुराचे संपादनही करते. गेले आठ महिने मोबाइलवरचे एक मराठी-मराठी शब्दकोशाचे ॲप माझ्या रोजच्या वापरात आहे. त्याचे परीक्षण मी येथे ‘दुहेरी’ हा एक शब्द आणि त्याचा गोतावळा यांच्या आधारे करणार आहे. ॲपचे नाव मी मुद्दाम देत नाही. नोंद कशी असावी आणि कशी नसावी, हा माझा विषय आहे.

निमित्त घडले ते एका शालेय विज्ञानाच्या मजकुराचे. भाषांतरकाराने लिहिले होते, ‘घेवड्याचे बी दुहेरी असते.’ मी तेथे ‘द्विदल’ असा बदल सुचवला. त्यावर त्याने मला हेच ॲप उघडून दाखवले. नोंद अशी होती: ‘दुहेरी – दोन भाग असलेला, दुप्पट, दुपदरी, द्विदल, जोड, द्विविध.’ म्हणजे भाषांतरकाराची चूक नव्हती. त्याने कोश पाहिला होता आणि कोशाने त्याला सहा पर्याय एका ओळीत, एकाच मापाचे असल्यासारखे मांडून दिले होते. त्यांपैकी कोणताही शब्द कोठेही चालेल, असे त्या मांडणीवरून वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या सहांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी सरसकट चालत नाही, आणि कोणता कोठे चालतो हे सांगणारे एकही उदाहरणवाक्य नोंदीत नव्हते.

या शब्दांतील फरक मी स्वतःसाठी एका साध्या कसोटीने लावते: वस्तूचे दोन भाग वेगळे केले तर काय उरते, हे पाहायचे. सुईत ओवलेल्या दुहेरी दोऱ्यातला एक पदर काढून टाकला, तर दोरा उरतोच. तो फक्त एकेरी होतो. जोडीतली एक वस्तू गेली, तर उरलेली वस्तू पूर्णच असते. मोडते ती जोडी. द्विदल बियांची दोन दले अलग केली, तर मात्र हातात बी उरत नाही, दोन अर्धी दले उरतात, कारण बी हे त्या दोघांचे मिळून एक असते. दोन्ही भाग एकमेकांवर किंवा एकमेकांसोबत एकच काम करत असतील, तर ती वस्तू दुहेरी. एका पूर्णाचे दोन वाटे असतील, तर ती द्विदल किंवा द्विभागी. दोन पूर्ण वस्तू एकत्र आल्या असतील, तर ती जोडी किंवा जोड. ‘दोन भाग असलेला’ हा ॲपने दिलेला पहिला अर्थ या तिन्हींना लागू पडतो, आणि म्हणूनच तो कोणाच्याच कामाचा नाही.

ही कसोटी शरीरशास्त्रापासून खेळापर्यंत टिकते, असा माझा अनुभव आहे. ‘दुहेरी हाडाचा माणूस’ म्हणताना भरभक्कम बांधा अभिप्रेत असतो, जणू एकावर एक असे दोन थर. त्याचा उलट शब्द ‘एकेरी बांध्याचा’. बॅडमिंटन किंवा टेनिसमधील ‘दुहेरी’ म्हणजे एका बाजूला दोन खेळाडू, पण बाजू एकच आणि गुणही एकच. त्यातला एक कमी केला की सामना एकेरी होतो, तो अर्धा होत नाही. डीएनएची जी रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली, तिला ‘दुहेरी सर्पिल’ म्हणतात तेही याच अर्थाने, कारण एकमेकांना वेढणारे तिचे दोन पेड सुटे झाले तर प्रत्येक पेड एकेरी स्वरूपात शिल्लक राहतो आणि त्याच्या आधारे नवा जोडीदार पेड घडवला जातो. मला विचाराल तर येथे ‘दुपेडी’ हा शब्द अधिकच नेमका ठरला असता. तिपेडी वेणी आपण म्हणतोच, आणि पेड कशाला म्हणतात हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

आता ‘दुप्पट’कडे वळते, कारण ॲपच्या या नोंदीत सर्वांत जास्त नुकसान करणारा शब्द हाच आहे. ‘दुप्पट’ संख्येविषयी बोलतो आणि ‘दुहेरी’ रचनेविषयी. ‘दुप्पट पगार’ म्हणजे पूर्वी मिळत होता त्याच्या दोन पट पगार. ‘दुहेरी पगार’ म्हणजे दोन ठिकाणांहून किंवा दोन पदांबद्दल मिळणारे दोन पगार, आणि ते मिळून पूर्वीच्या दुप्पट होतीलच असे नाही. ‘दुप्पट फायदा’ हिशेबात मोजता येतो. ‘दुहेरी फायदा’ म्हणताना एका कृतीने दोन निरनिराळ्या बाजूंनी लाभ झाला, एवढेच सांगायचे असते. करारनाम्यात किंवा परिपत्रकात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडले, तर अर्थ नुसता धूसर होत नाही, तो साफ बदलतो. अशा मजकुरात ‘दुहेरी दंड’ हे शब्द मी दोनदा वाचले आहेत. दोन्ही वेळा लिहिणाऱ्याला दंडाची रक्कम दुप्पट करायची होती की दोन वेगळे दंड लावायचे होते, हे मला विचारून घ्यावे लागले. कोशाने हा घोळ टाळण्यास मदत करायला हवी होती.

‘दुपदरी’चेही असेच आहे. रस्त्याच्या संदर्भात पदर म्हणजे वाहनांची एक रांग जाईल अशी पट्टी, म्हणून दुपदरी, चौपदरी, सहापदरी. ‘दुहेरी वाहतूक’ म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारी वाहतूक. त्यामुळे एखादा रस्ता दुपदरी असून एकेरी असू शकतो, म्हणजे त्याच्या दोन्ही पट्ट्यांवरून वाहने एकाच दिशेने जातात. ॲपच्या समानार्थी शब्दांच्या चौकटीवर विसंबून कोणी ‘दुपदरी एकेरी रस्ता’ हे वर्णन तपासू लागला, तर त्याला त्यात विसंगती दिसेल आणि तो बरोबर असलेले वाक्य दुरुस्त करायला जाईल.

येथून मी त्या मुद्द्याकडे येते जो या ॲपने पूर्णपणे दुर्लक्षिला आहे आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन भागांच्या वस्तूचे वर्णन करताना मराठी सहसा ‘दोन भाग’ असे म्हणतच नाही. ती त्या भागाचे नाव घेते. छपराला दोन पाखी असतील तर ते दुपाखी, बंदुकीला दोन नळ्या असतील तर ती दुनळी, पात्याला दोन धारा असतील तर ते दुधारी, इमारतीला दोन मजले असतील तर ती दुमजली, फांदीला दोन शाखा फुटल्या असतील तर ते दुबेळके. प्रत्येक शब्द काय दोन आहे ते सांगून मोकळा होतो. ज्या भागाला वेगळे नाव नाही किंवा नाव घेण्याची गरज नाही, तेथे ‘दुहेरी’ कामाला येतो. म्हणून या शब्दाची चांगली नोंद करायची, तर तिच्याआधी ‘दु-’ या पूर्वपदाची नोंद हवी. या ॲपमध्ये ती नाही. ‘द्वि-’ची आहे, आणि तीही चांगली आहे; पण बोलीत आणि व्यवहारात जिवंत असलेले, नवे शब्द घडवण्याची ताकद अजून असलेले पूर्वपद मात्र गाळले गेले आहे. भाषांतर करणाऱ्याला नवा शब्द घडवायचा असतो तेव्हा त्याला सर्वांत उपयोगी पडेल अशी नोंद हीच होती.

‘दु-’ने सुरू होणारे शब्द शोधण्याची सोय ॲपमध्ये आहे, परंतु ती केवळ अक्षरे जुळवते. त्यामुळे दुपाखी आणि दुमजली यांच्याच रांगेत दुबळा आणि दुष्काळ येतात. दुबळा हा दुर्बलपासून आला, दुष्काळात दुस् हा उपसर्ग आहे, आणि या दोघांचा दोनशी काहीही संबंध नाही. नवशिक्याला हे कळणार कसे? व्युत्पत्तीचे सदर आहे, पण तेथेही गफलत आहे. ‘दुतर्फा’च्या पुढे ‘संस्कृत द्वि’ एवढेच लिहिले आहे, जेव्हा त्यातला ‘तर्फ’ हा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आलेला आहे आणि ‘दु’ही फारसी ‘दो’ला जोडून पाहावा लागतो. संस्कृत द्वि आणि फारसी दो हे मुळात एकाच भाषाकुळातले असल्याने मराठीत त्यांची रूपे एकमेकांत मिसळली, ही या शब्दकुळाची फार सुंदर हकिकत आहे, आणि ती दोन ओळींत सांगता आली असती. ‘दुपार’ची व्युत्पत्ती मात्र द्विप्रहर अशी अचूक दिली आहे, आणि ‘दुपटे’ हे दोन पट जोडून केलेले वस्त्र म्हणून दुपटे, असाही उलगडा आहे. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न या संख्यांतला ‘ब’ हा त्याच ‘द्वि’चा प्राकृतातून आलेला अवशेष आहे, हे ‘बे’च्या नोंदीत वाचून मला मनापासून आनंद झाला. पाढे म्हणताना ‘बे एके बे’ आपण कितीदा म्हटलेले असते, पण त्या ‘बे’चे ‘द्वि’शी असलेले नाते क्वचितच कोणी सांगितलेले असते. ज्या संपादकाने ही नोंद लिहिली, त्याने ‘दुहेरी’चीही लिहायला हवी होती.

‘द्विदल’ची स्वतंत्र नोंद पाहिली. तिच्यात पहिला आणि एकमेव अर्थ ‘कडधान्य’ असा आहे. सर्व कडधान्ये द्विदल असतात हे खरे; पण सर्व द्विदल वनस्पती कडधान्ये नसतात. आंबा, कापूस, सूर्यफूल, मोहरी ही सगळी द्विदल आहेत. वनस्पतिशास्त्रात हा शब्द बियांतील बीजपत्रांच्या संख्येवरून येतो, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला मका, ज्वारी, बांबू, नारळ या एकदल वनस्पती असतात. शालेय पुस्तकात हा भेद आणखी काही खुणांनी ओळखायला शिकवतात: द्विदल वनस्पतींच्या पानांतील शिरा जाळीदार असतात आणि मूळ सहसा सोटमूळ असते, तर एकदलांच्या शिरा समांतर जातात आणि मुळे तंतुमय असतात. एवढे सर्व कोशात यावे असे मी म्हणत नाही, पण ‘बियांत दोन बीजपत्रे असलेली (वनस्पती)’ हे पाच शब्द यायलाच हवेत. ते नसल्यामुळे आंब्याला द्विदल म्हटलेले वाक्य वाचून विद्यार्थी गोंधळेल, आणि कोश पाहिल्यावर अधिकच गोंधळेल.

या नोंदीतले दुसरे न्यून राज्यशास्त्राशी संबंधित आहे, आणि त्यासाठी मी थोडी सविस्तर लिहिते, कारण ‘दुहेरी’ आणि ‘द्विदल’ यांतील फरक इतका स्वच्छ मला दुसरीकडे कोठे सापडलेला नाही. मराठी इतिहासलेखनात १७६५ नंतरच्या बंगालच्या कारभाराला ‘दुहेरी राज्यव्यवस्था’ म्हणतात, आणि १९१९ च्या कायद्याने प्रांतांत आलेल्या कारभाराला ‘द्विदल राज्यपद्धती’ म्हणतात. वरवर पाहता दोन्हींचा अर्थ ‘दोन भागांचा कारभार’ असाच आहे. पण १७६५ मध्ये बादशहा शाह आलम याच्याकडून ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळाली, तेव्हा महसूल कंपनीचा आणि निजामत, म्हणजे अंमलबजावणीचे आणि न्यायाचे काम, नबाबाचे, अशा दोन सत्ता एकाच मुलखावर, एकाच रयतेवर एकावर एक येऊन बसल्या. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये ही व्यवस्था मोडली आणि महसुलाचा कारभार कंपनीने थेट आपल्या हाती घेतला, तेव्हा एक थर निघाला. सत्ता उरली, ती एकेरी झाली. १९१९ च्या कायद्यात घडले ते वेगळे. तेथे प्रांताचे सरकार एकच होते, त्याच्या विषयांचे दोन वाटे केले गेले. पोलीस, न्याय, जमीनमहसूल, अर्थ यांसारखी राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली, तर शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य यांसारखी सोपीव खाती विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. शेती एकाकडे आणि जमीनमहसूल दुसऱ्याकडे, शाळा एकाकडे आणि त्यांच्यासाठी लागणारा पैसा दुसऱ्याकडे, अशा त्या दोन दलांपैकी कोणतेही एक स्वतःच्या बळावर सरकार म्हणून उभे राहूच शकत नव्हते. ज्या कोणी पहिल्यांदा येथे ‘दल’ हा शब्द योजला, त्याने बियांचा दाखला डोळ्यांसमोर ठेवूनच योजला असावा, असे मला नेहमी वाटते. या अर्थाचा ॲपमध्ये मागमूस नाही. उलट ‘हेही पहा’ म्हणून ‘द्विदलीय’ असा शब्द दिला आहे, जो हिंदीत दोन राजकीय पक्षांच्या संदर्भात वापरला जातो. मराठीत त्या अर्थी आपण ‘द्विपक्षीय’ म्हणतो, आणि दोन सभागृहांच्या विधिमंडळाला ‘द्विगृही’ किंवा ‘द्विसदनी’. हिंदीतली सामग्री मराठी नोंदींत न तपासता मिसळल्याची ही खूण आहे, आणि ती मला आणखीही चार-पाच ठिकाणी दिसली.

‘दुभाषी’, ‘द्विभाषिक’ आणि ‘द्वैभाषिक’ ही तीन रूपे मी कोणताही नवा कोश हाती आला की पाहते. दोन आणि भाषा याच दोन घटकांपासून बनलेले हे तीन शब्द तीन निरनिराळी कामे करतात. दुभाषी म्हणजे दोघांच्या बोलण्यात मध्यस्थी करून एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा. द्विभाषिक म्हणजे दोन भाषा येणारी व्यक्ती, किंवा दोन भाषांतला कोश. सगळे दुभाषी द्विभाषिक असतात, पण द्विभाषिक माणसाला दुभाष्याचे काम जमेलच असे नाही. आणि ‘द्वैभाषिक’ म्हटले की मराठी वाचकाला १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० पर्यंतचे मराठी आणि गुजराती भाषकांचे मुंबई राज्य आठवते. त्या काळच्या सभांतून आणि वर्तमानपत्रांतून हा शब्द इतका गाजला की पुढे तो नामासारखा, नुसता ‘द्वैभाषिक’ असाही वापरला गेला. या तिन्ही शब्दांना ॲपने एकच अर्थ दिला आहे: ‘दोन भाषा जाणणारा’. राज्य भाषा जाणत नाही. येथे नोंद अपुरी आहे असे म्हणून थांबता येत नाही, ती चुकीची आहे.

अर्थच्छटांबद्दल तर ॲप पूर्ण मौन पाळते. माझ्या मते या शब्दकुळात एक लक्षणीय प्रवृत्ती आहे. वस्तूला लावलेला ‘दु-’ निरागस असतो, पण तोच माणसाला किंवा माणसांच्या संबंधांना लागला की त्यात बहुधा दोषारोप येतो. दुतोंडी, दुटप्पी, दुही, दुफळी, दुजाभाव हे शब्द पाहिले की हे लगेच ध्यानात येते. तत्सम ‘द्वि-’ मात्र बहुतेक वेळा तटस्थ राहतो: द्विपक्षीय चर्चा, द्विसदनी विधिमंडळ, द्विभाषिक कुटुंब. ‘द्व्यर्थी’ हा त्याला अपवाद, कारण संवादाला किंवा गाण्याला द्व्यर्थी म्हटले की त्यात आक्षेप गृहीत धरलेला असतो, आणि तो टाळायचा असेल तर आपण ‘दोन अर्थ निघतात’ असे साधे वाक्य वापरतो. ‘दुहेरी’ या दोन टोकांच्या मध्ये आहे. ‘दुहेरी भूमिका’ म्हटले तर एकाच नटाने केलेली दोन पात्रे असा निर्मळ अर्थही होतो, आणि राजकारणाच्या बातमीत तोच शब्दप्रयोग दुटप्पीपणाकडे झुकतो. हे संदर्भाने ठरते, आणि संदर्भ दाखवायला उदाहरणवाक्ये लागतात. या ॲपमधील पाच नोंदींपैकी साधारण एका नोंदीला उदाहरणवाक्य असते, असा माझा पाहण्यातला अंदाज आहे.

व्याकरणाच्या खुणांविषयी थोडक्यात. ‘दुहेरी’ हे ईकारान्त विशेषण असल्याने ते लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. दुहेरी दोरा, दुहेरी दोरी, दुहेरी दोरे, दुहेरी दोऱ्याने. खेळाच्या संदर्भात ते नाम होते आणि मग त्याला विभक्ती लागते, जसे ‘महिला दुहेरीत’, ‘मिश्र दुहेरीचे विजेतेपद’. ॲपने शब्दाला ‘विशेषण’ एवढेच म्हटले आहे. विरुद्धार्थी म्हणून ‘एकेरी’ दिला आहे तो बरोबर. पण ‘एकेरी’च्या नोंदीत विरुद्धार्थी म्हणून ‘दुहेरी’ आपोआप भरला गेला आहे, आणि तेथे ‘एकेरी उल्लेख’ व ‘एकेरीवर येणे’ हे प्रयोग दिलेले असल्याने वाचकाचा असा समज होईल की कोणाला मान देऊन बोलणे म्हणजे ‘दुहेरी’ बोलणे. तसे कोणी म्हणत नाही. त्याला आपण आदरार्थी बोलणे किंवा अहोजाहो करणे म्हणतो.

शोधाची सोय ही या सेवेची सर्वांत चांगली बाजू आहे. इंटरनेट नसतानाही ती चालते, अक्षरे वाचायला मोठी करता येतात, जाहिराती नोंदीच्या मध्ये येत नाहीत, आणि शब्दाचे सामान्यरूप टंकले तरी मूळ शब्द सापडतो: ‘दुभाष्याला’ लिहिले की ‘दुभाषी’ येतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालून शोध घेतला जातो, हीही चांगली सोय आहे. या कुळात मात्र तिचा एक तोटा जाणवतो. ‘द्वीदल’ असे चुकीचे टंकले की ॲप काही न बोलता ‘द्विदल’ दाखवते, पण लेखन चुकले होते हे सांगत नाही, आणि मग ती चूक मजकुरात तशीच राहते. समासात ‘द्वि’ ऱ्हस्वच असतो. ‘द्वीप’ दीर्घ आहे ते वेगळ्या कारणाने: द्वि आणि अप् म्हणजे पाणी यांपासून, दोन बाजूंना पाणी असलेला भूभाग अशा अर्थाने तो शब्द सिद्ध होतो. आणि ऱ्हस्व ‘द्विप’ म्हणजे हत्ती, सोंडेने व तोंडाने असे दोनदा पाणी पिणारा. ॲपमध्ये ‘द्विप’ शोधले असता बेट दिसते आणि हत्तीची नोंद खाली, स्क्रीन सरकवल्यावर सापडते. ‘आपण टंकलेले लेखन वेगळे आहे’ अशी एक बारीक ओळ वर दाखवली, तर ही अडचण सुटेल. उच्चाराच्या ध्वनिफिती ऐकल्या. त्या यंत्राने केलेल्या आहेत, स्पष्ट आहेत, पण ‘द्व्यर्थी’सारख्या जोडाक्षरावर अडखळतात.

‘सूचना पाठवा’ या कळीतून मी चार महिन्यांत सात नोंदींविषयी लिहिले. प्रत्येक वेळी पोच आली. तीन वेळा प्रश्न विचारणारे उत्तर आले, आणि ते प्रश्न शब्द जाणणाऱ्या माणसाने विचारलेले होते, हे त्यांच्या भाषेवरून कळत होते. ‘द्विदल’चे वनस्पतिशास्त्रीय उदाहरण मागवले गेले, मी आंबा आणि मका यांची तुलना लिहून पाठवली. अशी दाद देणारी सेवा टिकावी आणि सुधारावी, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच हे इतके तपशिलात लिहिते आहे.

तूर्त हे ॲप कोणी वापरावे? वाचताना अडलेल्या शब्दाचा ढोबळ अर्थ हवा असलेल्या वाचकाने ते निःशंकपणे वापरावे; त्याचे काम भागते. शब्दांच्या उगमाची आवड असलेल्यालाही ‘बे’सारख्या काही नोंदी हाती लागतील. लिहिणाऱ्याने, विशेषतः भाषांतर करणाऱ्याने, त्यातील समानार्थी शब्दांची चौकट पर्यायांची यादी म्हणून वापरू नये. तेथला प्रत्येक शब्द पुन्हा स्वतंत्रपणे शोधून, वाक्यात बसवून, त्याचे दोन भाग सुटे करून पाहावेत. शाळेच्या पुस्तकांवर काम करणाऱ्यांनी शास्त्रीय संज्ञांसाठी या ॲपवर मुळीच विसंबू नये. त्यासाठी त्या त्या विषयाचे परिभाषाकोश उपलब्ध आहेत. पाच गुणांपैकी मी शोधाच्या सोयीला साडेचार, अर्थांना तीन आणि वापराच्या मार्गदर्शनाला दीड गुण देईन.

हे लिहून पूर्ण करण्याआधी काल नोंद पुन्हा उघडून पाहिली. ‘दुहेरी’च्या अर्थांतून ‘द्विदल’ काढला गेला आहे, आणि ‘द्विदल’च्या नोंदीत ‘दोन बीजपत्रे असलेली’ हा अर्थ पहिल्या क्रमांकावर आला आहे, खाली आंब्याच्या उदाहरणासह. ‘दुप्पट’ मात्र अजून तेथेच आहे. त्याविषयीची माझी सूचना, दोन्ही शब्दांच्या प्रत्येकी तीन वाक्यांसह, मी आज सकाळी पुन्हा पाठवली आहे.